पश्चिमेची खिडकी आणि दोन कार्डं

गेमिंगचा कॉम्प्युटर बांधून घ्यायला कोणी आलं, की मी पहिला प्रश्न विचारते, "ज्या खोलीत ठेवणार तिची खिडकी कुठल्या बाजूला आहे?" समोरचा माणूस दचकतो. तो तीन आठवडे मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेला असतो, दोन ग्राफिक्स कार्डांचे सगळे आकडे त्याला तोंडपाठ असतात, आणि केबिन रोडवरच्या गाळ्यातली ही छप्पन्न वर्षांची बाई त्याला खिडकी विचारते. काही जण तर तोंडावर म्हणतात, "आंटी, भैया को बुलाओ ना." भैया नाही, कधीच नव्हता. आधी इथे माझा टायपिंगचा क्लास होता. मशिनं भंगारात गेली तेव्हा त्याच टेबलांवर मी कॉम्प्युटर उघडायला शिकले आणि पंचवीस वर्षं तेच करतेय.

खिडकीचं कारण मीठ. आमच्याकडे एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. हवेतच मीठ आहे. पंख्याची पाती पुसून बघा, बोटाला चिकट लागतं. कॉम्प्युटरला चार-पाच पंखे असतात आणि ते दिवसभर हीच हवा पोटात ओढतात. मुर्ध्याच्या एका गिऱ्हाईकाचं कोरं कार्ड नऊ महिन्यांत गेलं. सर्व्हिस सेंटरवाल्याने भिंगातून पाहिलं, कडेला हिरवट डाग दिसला, आणि "गंज आहे, वॉरंटीत बसत नाही" म्हणून खोका परत सरकवला. त्या दिवसापासून खाडीकडची किंवा समुद्राकडची खिडकी असेल तर कॉम्प्युटर बसवायला मी स्वतः जाते, खिडकी लावून घेते आणि फटीला फोमची पट्टी चिकटवते. लोक हसतात. त्यांची कार्डं मात्र चालतात.

आता कार्ड म्हणजे काय, ते ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. गेममध्ये जे दिसतं ते सगळं हे कार्ड काढतं. सेकंदाला साठ-सत्तर चित्रं काढून ती भराभर समोर टाकतं, म्हणून आपल्याला ते हलतंय असं वाटतं. किती चित्रं काढली त्याचा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसतो. गिऱ्हाईक खेळ बघत नाही, तो आकडा बघतं. आणि खरं सांगायचं तर मीसुद्धा बरीच वर्षं तोच बघत होते.

बाजारात नेहमी दोन कार्डांची जुंपलेली असते. किमतीत उन्नीस-बीस, आकड्यांत उन्नीस-बीस, आणि माणूस मधे हवालदिल. कारण आमच्या धंद्याचा एक नियम आहे: खोक्याचं सील तुटलं की तो माल परत जात नाही. म्हणजे लग्न आधी, मुलगी नंतर बघायची. सिल्व्हर पार्कमधलं एक जोडपं माझ्या दुकानात दोन तास भांडलं. नवऱ्याला एक कार्ड हवं, बायकोला दुसरं. शेवटी मी टेप काढून त्यांचा कॅबिनेट, म्हणजे कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा, मोजला, तर दोन्ही कार्डं त्यापेक्षा दोन बोटं जास्त लांब निघाली. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आधी कॅबिनेट बदलायचं ठरलं. असली भांडणं मला आवडतात, त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

पण एका निवडीने माझी झोप उडवली होती. तीच सांगायची आहे.

दोन वर्षांपूर्वी, सप्टेंबर असेल, उत्तनची लविना दुकानात आली. चौतीस-पस्तिशीची, परदेशात नर्स, सुट्टीवर आलेली. मागे तिचे वडील, इनासकाका. रुंद खांद्यांचा, पांढऱ्या केसांचा माणूस, शर्टाचं वरचं बटण उघडं आणि तिथून छातीवरचा ऑपरेशनचा व्रण दिसत होता. काका तांडेल होते. मासेमारीच्या बोटीवर ज्याच्या शब्दावर बोट चालते तो तांडेल. पंचेचाळीस वर्षं समुद्रावर काढली. मग छातीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी बोट बंद केली, बोट पुतण्याकडे गेली. बायको आधीच वारलेली. काका घरात एकटे.

काका पायरीवर उभे होते तेवढ्यात लविनाने मला खालच्या आवाजात सांगितलं, "आंटी, पप्पांनी एक छोटी होडी ठेवलीय. विकू देत नाहीत. मागच्या महिन्यात कोणाला न सांगता एकटे घेऊन गेले. परत येताना छातीत दुखायला लागलं, वल्ही मारता येईना. दुसऱ्या बोटीवाल्यांनी बघितलं म्हणून आज उभे आहेत. मी रविवारी जातेय. माझ्या लॅपटॉपवर त्यांना बोटीचा एक गेम दाखवला होता, त्यात खरोखर बोट चालवायची असते. तीन तास उठले नाहीत. त्यांना तो नीट खेळता आला तर ते घरी बसतील. मला दुसरं काही सुचत नाही."

मी आजवर कार्डं विकली ती कोणाला लढाईचे खेळ खेळायला, कोणाला मोटारी पळवायला. माणसाला घरात ठेवण्यासाठी कार्ड मागायला कोणी आलं नव्हतं.

त्या वेळी दोन कार्डं जोरात होती. कंपन्यांची नावं कशाला घ्या. एकाचा खोका काळा होता, एकाचा पांढरा. काळं कार्ड चपळ, आकडा मोठा, पण त्याची स्वतःची मेमरी कमी. पांढरं थोडं मंद, मेमरी जास्त. दोन स्वयंपाकिणी समजा. एकीचा हात झपाट्याचा पण ओटा लहान, दुसरी सावकाश करते पण ओटा ऐसपैस. लहान ओट्यावर चार माणसांचा स्वयंपाक झकास होतो. पंगत बसली की मात्र दर थोड्या वेळाने हातातलं टाकून सामान आणायला आत जावं लागतं. हे मला माहीत होतं. माहीत असून काय उपयोग झाला ते पुढे बघा.

मी त्या दिवशी धंद्याचा तो नियम बाजूला ठेवला आणि दोन्ही सीलं तोडली. टेबलावर फळीवर उघडाच कॉम्प्युटर मांडलेला असतो, त्यावर आधी पांढरं कार्ड लावलं. काका खुर्चीत बसले. गेममधली बोट बाहेर काढली आणि थेट खराब हवेत घातली. लविना म्हणाली, "पप्पा, शांत पाण्यात चालवा ना." ते म्हणाले, "शांत पाण्यात कोन पन चालवतो." वीस मिनिटं चालवली. कोपऱ्यात आकडा होता साठच्या आसपास.

मग काळं लावलं. आकडा एकदम ऐंशीच्या वर. लविनाचा चेहरा खुलला, माझाही. मी बोट दाखवून म्हटलं, "बघा काका, फरक बघा." दहाएक मिनिटांनी काका माउस ठेवून उठले आणि बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले, एक हात शटरला लावून. मला वाटलं, विडीची तल्लफ आली असेल.

परत आले तेव्हा मी विचारलं, "कुठलं आवडलं?"

"पहिला बरा होता," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या पान्याला ठेच लागते."

"ठेच म्हणजे?"

"लाट येते ना, ती मधीच अडते नि मंग एकदम पुढं येते. पानी असा करत न्हाय."

मी पडद्याकडे बघितलं. मला काही दिसलं नाही. कोपऱ्यात पंच्याऐंशी. तुम्ही मला विचाराल, पंचेचाळीस वर्षं पाणी बघणाऱ्या माणसाचं ऐकायचं की कोपऱ्यातल्या आकड्याचं? आज विचाराल तर उत्तर सोपं आहे. तेव्हा मी शहाणपणा पाजळला. म्हटलं, "काका, नवीन आहे म्हणून तसं वाटतं, डोळ्याला सवय होईल." लविनानेही मान डोलावली, तिला वडिलांना चांगल्यातलं चांगलं द्यायचं होतं. काका लेकीकडे बघून म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सांगाल ता." काळं कार्ड बसलं. पांढरं माझ्या फळीवर पडून राहिलं, सील तुटलेलं कार्ड कोण घेणार.

शनिवारी मी उत्तनला जाऊन कॉम्प्युटर बसवला. खोलीची एकुलती एक मोठी खिडकी पश्चिमेला, समोर नुसता समुद्र. मी ती लावली, चारी बाजूंनी फोम चिकटवला आणि काकांना दम दिला, "ही उघडायची नाही." काका म्हणाले, "बरा." रविवारी लविना गेली.

पुढचे तीन आठवडे मी दर दोन-चार दिवसांनी फोन करत होते. "काका, चालतोय ना?" "चालतोय ना. मस्त हाय." लविनालाही रोज हेच सांगत होते. मला बरं वाटायचं. नवरात्राच्या गर्दीत मी जवळजवळ विसरलेच.

एका दुपारी लविनाचा फोन आला. आवाज बदललेला. "आंटी, पप्पा सकाळपासून फोन उचलत नाहीत. माझा चुलतभाऊ बोटीवर आहे, लागत नाही. आणि आंटी, तो गेम माझ्या अकाउंटवर आहे, त्यात दिसतं ते शेवटचं कधी खेळले. मी आज पहिल्यांदा बघितलं. सोळा दिवस झाले."

सोळा दिवस. आणि रोज "मस्त हाय."

मी शटर ओढलं, रेल्वेचा पूल उतरून पश्चिमेला गेले आणि रिक्षा केली. मुर्धा गाव गेलं, राई गेलं, रस्ता संपतच नव्हता. रिक्षावाला हिंदीत कसल्याशा पाण्याच्या तक्रारी सांगत होता, मी हूं हूं करत होते. डोक्यात एकच चाललं होतं: काय चुकलं? वायर सैल झाली का? कार्ड गेलं का? गेलं असेल तर या माणसाने सांगितलं का नाही?

घराला नुसती कडी होती. आत गेले. खिडकी बंद, फोम जागच्या जागी. कॉम्प्युटरवर इस्त्री केलेला टेबलक्लॉथ घातलेला, नीट चारी कोपरे जुळवून. मी बटण दाबलं. चालू झाला. काही बिघडलं नव्हतं. आणि हेच मला जास्त भीतीदायक वाटलं, कारण बिघाड असता तर मला दुरुस्त करता आला असता.

किनाऱ्यावर गेले. बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या पलीकडे एक बाई जाळं सोडवत बसली होती. तिला विचारलं, इनासकाकांची होडी कुठे असते? तिने वाळूवरच्या रिकाम्या जागेकडे बोट केलं. "सकाळच्याच गेलाय. रोजच जातो आता. आमी सांगून थकलो."

तेवढ्यात लविनाचा फोन. मी उचलला आणि खोटं बोलले, "निघालेय गं, रिक्षाच मिळाली नाही अजून." दुसऱ्या देशात बसलेल्या पोरीला रिकामी जागा कशी सांगणार? मग मी एका उलट्या टोपलीवर बसून राहिले. लांब एखादी काळी रेघ दिसली की उभी राहायची, ती दुसरीच बोट निघाली की बसायची. दोन तास. त्या दोन तासांत मी मनाशी काय काय कबूल केलं नसेल. कार्डाची निवड म्हणजे गंमत आहे, लोक उगाच जीव काढतात, असं मी किती वेळा हसून बोलले होते.

उन्हं कलती झाली तेव्हा होडी आली. अगदी हळू. काका एक वल्हं मारायचे, थांबायचे. वाळूला लागल्यावर उतरलेच नाहीत, कडेला बसून राहिले, तोंड पांढरंफटक. मी गुडघाभर पाण्यात गेले. मला रागही आला होता, आणि रडूही येत होतं.

"छातीत दुखतंय का?"

"न्हाय. दमलोय."

"काका, लविना तिकडे वेडी व्हायची वेळ आलीय. तुम्ही खोटं का सांगितलंत?"

त्यांनी आजूबाजूला कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. जाळं सोडवणारी बाई लांब होती. तरी आवाज खाली आणला.

"बाय, कोनाला सांगू नको. तुझ्या त्या डब्यापुढं बसलो ना, का मला बोट लागते."

मला आधी कळलंच नाही. बोट लागते म्हणजे मळमळतं, उलटी होते. पहिल्यांदा बोटीत बसलेल्या शहरी माणसाला होतं ते. पंचेचाळीस वर्षांच्या तांडेलाला.

"पयल्या दिशी वकलो. दुसऱ्या दिशी पन. दर्यात एकदा न्हाय वकलो, वादळात न्हाय. पोरीला काय सांगू? पुतन्याला काय सांगू? गावात कळला तर लोक हसतील, तांडेलाला बोट लागली म्हणून." त्यांनी हाताने तोंड पुसलं. "तुझ्या दुकानात पन झाला होता. म्हणून बाहेर जाऊन उभा राहिलो."

ती पायरी माझ्या डोळ्यांसमोर आली. शटरला लावलेला हात. आणि मी आत उभी राहून कोपऱ्यातल्या पंच्याऐंशीकडे बघून हसत होते. त्या माणसाने मला तोंडाने सांगितलं होतं, पाण्याला ठेच लागते. कार्डाचा ओटा लहान, खराब हवेत लाटांचा पसारा मोठा, दर थोड्या वेळाने ते सामान आणायला आत जात होतं आणि तेवढ्यात निमिषभर लाट अडत होती. सेकंदाच्या हिशोबात आकडा तरीही मोठाच येतो. माझ्या डोळ्याला ती अडलेली लाट दिसत नव्हती. त्यांच्या पोटाला कळत होती, कारण त्यांचं पोट लाट कधी यायची ते आधीच धरून बसतं, आणि ती वेळेवर येत नव्हती. शंभर वेळा माफी मागितली तरी कमी पडेल अशी लाज मला वाटली, आणि तोंडातून निघालं ते एवढंच, "काका, चूक माझी आहे. तुमची नाही."

मग आम्ही दोघांनी होडी ओढली. ते जास्त जोर लावायला लागले की मी ओरडायची. घरी जाऊन लविनाला फोन लावून दिला. ते तिला म्हणाले, "कॉम्प्युटरचा पार्ट बदलायचा हाय, आंटी करून देते." मी मान डोलावली. त्यांचं गुपित मी तेव्हा राखलं. आज लिहितेय ते त्यांना विचारून. ते म्हणाले, "लिही. आता हसू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरचं पांढरं कार्ड घेऊन गेले. काळं काढलं, पांढरं बसवलं. काका खुर्चीत बसले तेव्हा त्यांनी शेजारी बादली ठेवली होती. आपण एखाद्याच्या हातात काय देतो आणि ते त्याला कसलं होऊन बसतं.

त्यांनी बोट बाहेर काढली, खराब हवेत घातली. मी पडद्याकडे बघितलंच नाही, कोपऱ्याकडे तर नाहीच. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. पाच मिनिटं. दहा. पंधरा. त्यांनी ओठ घट्ट मिटले, मला वाटलं, संपलं. पण ते एका मोठ्या लाटेवर बोट तिरकी घेत होते. लाट गेली, त्यांनी श्वास सोडला आणि पायाने बादली थोडी बाजूला सरकवली.

अर्ध्या तासाने म्हणाले, "बरा हाय. पन एक उणा हाय."

"काय?"

"वारा. वारा कुठनं येतो ता कळत न्हाय. तोंडाला लागला पायजे." आणि पश्चिमेकडे बघितलं.

त्या खिडकीसमोर मी किती वेळ उभी होते कोण जाणे. उघडली तर मीठ सरळ कार्डात. वर्ष, फार तर दीड वर्ष. गंज धरला की वॉरंटी नाही. पंचवीस वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाईकाला हेच सांगत आले आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना नावं ठेवली. मागे काका वाट बघत होते, हात माउसवर. बाहेर वाळूवर होडी दिसत होती.

मी नखाने फोमची पट्टी उचकटली. चारी बाजूंची. खिडकी घट्ट बसली होती, खांदा लावून उघडावी लागली. वारा आत आला, टेबलक्लॉथ उडाला, आणि काकांनी डोकं जरासं तिरकं करून बोट वळवली.

दर दोन महिन्यांनी मी ब्रश घेऊन उत्तनला जाते आणि कार्डावरचं मीठ काढते. ते कार्ड सव्वा वर्ष टिकलं. नंतर मी तसलंच दुसरं बसवलं, याचेही दिवस भरत आलेत. होडी अजून आहे, विकलेली नाही, आणि मी विका म्हणत नाही. हवा बिघडली की मात्र मला दुकानात चैन पडत नाही. समोर गिऱ्हाईक असलं तरी फोन लावते. "काका, कुठे आहात?" "घरीच हाय ना बाय," ते म्हणतात. या माणसाने मला एकदा सोळा दिवस "मस्त हाय" ऐकवलंय, त्यामुळे त्यांच्या शब्दावर माझा विश्वास नाही. मी बोलत राहते आणि दुसऱ्या कानावर हात ठेवून त्यांच्या मागचा आवाज ऐकते. वाऱ्याच्या आवाजाआड, अगदी बारीक, कार्डाचा पंखा फिरत असतो. तो ऐकू आला की मग मी समोरच्या माणसाकडे वळते आणि विचारते, खिडकी कुठल्या बाजूला आहे?